रिकाम्या खुर्चीची मालगाडी

आमच्या गावाला, केशोरीला, रेल्वे नाही. गाडी बघायची तर तालुक्याच्या गावाला, अर्जुनी-मोरगावला जावं लागतं. गोंदिया-बल्लारशा मार्गावरचं हे स्टेशन. कुठं जंगल, कुठं धानाच्या बांध्या आणि मधून जाणारा रूळ. या रुळावरून मालगाडी धडधडत जाते तेव्हा रेल्वेचं वेड असलेली माणसं पहिल्यांदा इंजिनाच्या खिडकीकडे बघतात. तिथं लोको पायलट असतो, शेजारी सहायक. दोघं प्रत्येक सिग्नल मोठ्यानं उच्चारून एकमेकांना सांगतात. मिनिटभर कुठलीच हालचाल झाली नाही, तर इंजिन आधी दिवा लावतं, मग भोंगा वाजवतं आणि तरीही उत्तर आलं नाही तर स्वतःच ब्रेक लावतं. म्हणजे चालक जागा आहे की नाही यावर इंजिनाची नजर आजही असतेच. मग जगात काही ठिकाणी त्या खिडकीत कुणीच नसतं, ते कसं काय?

याचं उत्तर हवेपासून सुरू होतं.

15 ऑगस्ट 2022 रोजी आपल्याच दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेनं कोरब्याहून राजनांदगावला ‘सुपर वासुकी’ नावाची गाडी नेली. सहा इंजिनं, कोळशानं भरलेल्या 295 वॅगन, लांबी साडेतीन किलोमीटर. एवढं धूड थांबवायचं कसं? मालगाडीच्या पोटातून टोकापासून टोकापर्यंत एक नळी जाते. तिच्यात दर चौरस सेंटिमीटरला 5 किलो दाबाची हवा भरलेली असते. ब्रेक लावायचा म्हणजे या नळीतली हवा सोडायची. दाब उतरला की प्रत्येक वॅगन आपल्या टाकीत साठवलेल्या हवेनं चाकं आवळते. गाडी मधेच तुटली तरी नळी तुटते, दाब जातो आणि दोन्ही तुकडे आपोआप थांबतात. जॉर्ज वेस्टिंगहाऊसची ही दीडशे वर्षांपूर्वीची कल्पना, आणि मला अजूनही तिच्याइतकी देखणी यांत्रिक कल्पना दुसरी सापडलेली नाही.

पण दाब उतरल्याची खबर नळीतून फार तर आवाजाच्या वेगानं जाते. मोठ्या पंगतीत पहिल्या पानावर भात पडला तरी शेवटचं पान रिकामंच असतं, तसं साडेतीन किलोमीटरच्या गाडीत पुढचे डबे आवळले जातात तेव्हा मागच्यांना पत्ताच नसतो. दहा सेकंदांहून जास्त काळ मागचं हजारो टन वजन पुढच्या डब्यांवर रेटत राहतं. कपलिंगवर येणारा हा ताण मोठा धोक्याचा. त्यावर तोड म्हणजे रेडिओ. काही इंजिनं गाडीच्या मध्ये किंवा मागे लावायची आणि पुढच्या चालकानं हँडल फिरवलं की बिनतारी संदेशानं त्याच क्षणी तिथूनही हवा सोडायची. त्या इंजिनांत चालक लागत नाही. दुरून चालवलेलं इंजिन आपल्या रेल्वेतही आलेलं आहे ते असं.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारात पुढची खुर्चीही रिकामी झाली. 10 जुलै 2018 रोजी रिओ टिंटो कंपनीची 28,000 टन लोहखनिजाची गाडी टॉम प्राइसहून केप लॅम्बर्ट बंदरापर्यंत, सुमारे 280 किलोमीटर, चालकाविना गेली. तिच्यावर लक्ष होतं पर्थमधल्या नियंत्रण कक्षाचं, दीड हजार किलोमीटरवरून. वळण, चढ, उतार, वेगमर्यादा हे सगळं संगणकाला आधीच पाठ. कॅनडात लॅब्राडोरच्या खाणीत तर विनाचालक खनिजगाड्या 1960 च्या दशकातच धावत होत्या. पण तो छोटा, बंदिस्त मार्ग होता.

रेल्वेप्रेमींमध्ये याबद्दल सरळ दोन तट पडतात. काहींना ही यंत्रविद्येची कमाल वाटते. काही म्हणतात, भोंगा देणारा, हात हलवणारा माणूस गेला तर उरतो तो नुसता सरकता पट्टा. आणि सगळ्यांच्या मनात भीती एकच, गाडी सुटली तर?

ही भीती खरी आहे, पण तिची उदाहरणं वेगळंच सांगतात. 25 फेब्रुवारी 2024 रोजी जम्मूतल्या कठुआहून 53 वॅगनची खडी भरलेली गाडी उतारावरून निसटली आणि चालकाविना सत्तर किलोमीटरहून जास्त धावून पंजाबात थांबवली गेली. नोव्हेंबर 2018 मध्ये पिलबारातच बीएचपी कंपनीची गाडी चालक खाली उतरला असताना सुटली. 92 किलोमीटरनंतर ती पर्थहून मुद्दाम रुळावरून उतरवावी लागली. दोन्ही गाड्या माणसांनी चालवायच्या होत्या. वॅगनच्या टाकीतली हवाही हळूहळू गळते आणि आवळलेली चाकं सुटतात, म्हणून उभ्या गाडीला हँडब्रेक आणि चाकाखाली गुटके लागतातच. एकटं सोडलेलं यंत्र आणि एकट्यानं चालायला शिकवलेलं यंत्र यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

तरीही आपल्या मार्गावर ती खुर्ची भरलेलीच असावी, असं माझं ठाम मत आहे. पिलबारात शेकडो किलोमीटर माणूस दिसत नाही. इथं रूळ ओलांडून माणसं शेतावर जातात, गुरं जातात आणि वाघही जातात. नोव्हेंबर 2018 मध्ये याच मार्गावर, चंद्रपूर जिल्ह्यात वाघाचे तीन बछडे गाडीखाली गेले. एप्रिल 2025 मध्ये या 240 किलोमीटरच्या मार्गाच्या दुहेरीकरणाला केंद्रानं मंजुरी दिली. म्हणजे गाड्या वाढणार.

मात्र चालकाला आणखी डोळे देता येतील. आसामकडच्या रेल्वेनं ‘गजराज’ नावाची यंत्रणा आणली आहे. रुळालगत पुरलेल्या काचेच्या केसाएवढ्या तंतूतून प्रकाश सोडतात; जवळून हत्ती चालला की जमीन थरथरते, तंतू किंचित ताणला जातो, आणि परत येणाऱ्या प्रकाशातल्या बदलावरून हत्ती नेमका कुठं आहे ते कळतं. 2022 मध्ये गडचिरोलीकडून रानटी हत्तींचा कळप आमच्या तालुक्यात शिरला होता. दुसरा रूळ टाकताना माती उकरली जाणारच आहे. त्याच चरात हा तंतूही पुरावा, आणि हत्तीची चाहूल अर्जुनीहून सुटलेल्या गाडीच्या चालकाला वळणाआधीच मिळावी.