छातीतील महाशिरेच्या अडथळ्यावर ‘स्टेंट’चा उपाय

सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला दिसतो, सदऱ्याची कॉलर गळ्याशी घट्ट होते, खाली वाकले की डोके जड होते. अशा तक्रारी अ‍ॅलर्जीच्या समजून अंगावर काढल्या जातात. मात्र त्यांच्या जोडीला मानेवरच्या व छातीवरच्या शिरा फुगलेल्या दिसू लागल्या, तर छातीतील महाशिरेत अडथळा असण्याची शक्यता असते.

‘सुपिरिअर व्हेना काव्हा’ ही महाशीर डोके, मान आणि हातांतील अशुद्ध रक्त हृदयाच्या उजव्या अलिंदात आणते. तिची लांबी सुमारे ७ सेंटिमीटर असते. भिंत पातळ आणि आतील दाब कमी असल्याने शेजारची गाठ तिला सहज दाबते. मग रक्त आडवाटेच्या शिरांतून हृदयाकडे वळते आणि त्या शिरा फुगतात.

विल्यम हंटर यांनी १७५७ मध्ये या विकाराचे वर्णन केले, तेव्हा कारण होते महाधमनीला आलेला फुगा. आता बहुतेक रुग्णांत फुफ्फुसाचा कर्करोग किंवा लिम्फोमा आढळतो. पेसमेकरच्या तारा, तसेच डायलिसिस वा केमोथेरपीसाठी दीर्घकाळ ठेवलेल्या नळ्या यांमुळेही ही शीर अरुंद होते.

सीटी स्कॅनमधून अडथळ्याची जागा कळते. त्यानंतर बहुधा जांघेतील शिरेतून बारीक तार अडथळ्यापलीकडे नेतात व तिच्यावरून धातूची जाळीदार नळी, म्हणजेच स्टेंट, बसवतात. सहसा तेवढीच जागा बधिर करून हे काम होते. छाती उघडावी लागत नाही. डोकेदुखी लवकर थांबते आणि चेहऱ्याची सूज साधारणतः दोन-तीन दिवसांत उतरते. रेडिओथेरपीचा गुण येण्यास याहून अधिक काळ लागतो. त्यामुळे श्वास कोंडत असलेल्या रुग्णासाठी स्टेंट मोलाचा ठरतो.

तथापि, स्टेंटने मूळ रोग बरा होत नाही. गाठ वाढून किंवा रक्ताची गुठळी होऊन तो पुन्हा बंद पडू शकतो. स्टेंट सरकणे, रक्तस्राव आणि क्वचित हृदयाभोवती रक्त साचणे हे धोकेही आहेत.

म्हणूनच प्रकृती स्थिर असल्यास आधी गाठीचा तुकडा तपासणे महत्त्वाचे असते. लिम्फोमा आणि ‘स्मॉल सेल’ कर्करोग औषधांना लवकर दाद देतात. अशा वेळी स्टेंट टाळताही येतो. तपासणीपूर्वीच स्टेरॉइड दिल्यास लिम्फोमाचे निदान अवघड होऊ शकते.

श्वास घेताना घरघर होणे, गुंगी येणे किंवा रुग्ण असंबद्ध बोलू लागणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा रुग्णाला आडवे न झोपवता बसते ठेवून त्वरित रुग्णालयात न्यावे.