वायु टरबाइन, युद्धनौकांवरील
वायु टरबाइन, युद्धनौकांवरील : इंधनाच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या तप्त वायूंच्या झोताने पाती असलेले चक्र फिरवून नौकेचा प्रचालक पंखा चालविणारी यंत्रणा. नावावरून इंधन वायुरूप असावे असा समज होतो. प्रत्यक्षात ते डीझेलसारखे द्रवरूप असते.

तारापूर (जि. पालघर) येथील अणुविद्युत् केंद्रात (१९६९) पाण्याची वाफ करून ती टरबाइनात सोडतात. युद्धनौकांवरही दीर्घकाळ हीच पद्धत होती. बाष्पित्र मात्र तेलावर तापविले जाई. माझगाव गोदीत बांधलेली ‘नीलगिरी’ (१९७२) ही फ्रिगेट अशीच होती. थंड बाष्पित्रात पुरेशी वाफ तयार होण्यास काही तास लागतात. वायु टरबाइनात बाष्पित्रच नसते : संपीडक हवा दाबतो, ज्वलन कक्षात तिच्यात इंधन जळते व तप्त वायू सरळ पात्यांवर आदळतात. त्यामुळे काही मिनिटांतच पूर्ण शक्ती मिळते. वजन व जागाही कमी लागते. मात्र चक्रावर मिळणाऱ्या शक्तीचा निम्म्याहून अधिक भाग संपीडकच घेतो आणि मंद गतीत कामाच्या मानाने इंधन फार खर्च होते. गस्तीवरील नौका बहुतेक वेळ मंद गतीनेच जाते, ही खरी अडचण होय.

म्हणून ‘दिल्ली’ (१९९७) या विनाशिकेत चार टरबाइने असून जरुरीपुरतीच चालविता येतात. ‘शिवालिक’ (२०१०) व जुने नाव पुन्हा धारण करणारी ‘नीलगिरी’ (२०२५) यांत संथ प्रवासासाठी डीझेल एंजिने व वेगासाठी वायु टरबाइने आहेत. दोन्ही एकाच वेळी दंडाला जोडीत नाहीत. वायु टरबाइन सहसा उलट फिरत नाही. त्यामुळे नव्या ‘नीलगिरी’त पात्यांचा कोन बदलता येणारे पंखे आहेत; कोन उलटविला की दंडाची दिशा तीच राहून नौका मागे सरते.

समुद्रावरील हवेतील मीठ संपीडकाच्या पात्यांवर साचून ती झिजतात. म्हणून हवा गाळून घ्यावी लागते. मोठा बिघाड झाल्यास नौकेवर दुरुस्ती करीत न बसता टरबाइनच काढून दुसरे बसवितात. अर्थात हे दुसरे टरबाइन वेळेवर मिळाले पाहिजे. ‘शिवालिक’वरील टरबाइनाचा मूळ आराखडा अमेरिकी विमान एंजिनाचा असून त्याची जुळणी बंगलोर येथे होते. ‘दिल्ली’ची टरबाइने युक्रेनमधील मिकोलायिव येथील कारखान्याची आहेत, २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर हा पुरवठा बेभरवशाचा झाला. भारतात ‘कावेरी’ या विमान एंजिनापासून सुमारे १२ मेगावॉट शक्तीचे नौकीय टरबाइन तयार करून विशाखापटनम येथे त्याच्या चाचण्या घेण्यात आल्या. परंतु ते कोणत्याही युद्धनौकेवर बसविले गेले नाही.