एक लाइन, तीन फोन आणि एक फॅक्स

फॅक्सचं यंत्र आता बहुतेक घरांतून अडगळीत गेलं. आमच्या मामांच्या हिमायतनगरच्या ऑफिसात मात्र ते अजून टेबलावर आहे. (नांदेड जिल्ह्यातलं हिमायतनगर नव्हे हं, हैदराबादचं, नारायणगुड्याला लागून असलेलं.) मामांचा औषधांचा घाऊक व्यापार. बीदर, भालकी, उदगीरच्या दुकानदारांच्या ऑर्डरी एके काळी त्यावरच येत. कुणी कन्नडमध्ये लिही, कुणी मराठीत. कागदावरचं अक्षर जसंच्या तसं उमटे. त्याच सुमारास ईमेलनं मराठी पाठवावं, तर समोर नुसते चौकोन दिसत!

गंमत म्हणजे तारेवरून चित्र पाठवण्याचं पेटंट अलेक्झांडर बेन यांनी 1843 मध्ये घेतलं, टेलिफोनच्या पेटंटआधी तेहेतीस वर्षं. म्हणजे फॅक्स हा फोनचा थोरला भाऊ. पण थोरल्याला धाकट्याच्या घरात राहावं लागलं आणि सगळी भांडणं तिथूनच सुरू झाली.

मामांकडे लाइन एकच. खाली ऑफिस, वर घर, आणि त्या लाइनवर तीन फोन पॅरलल. 2004 च्या पावसाळ्यात बीदरला अज्जांच्या छातीत रात्री कळ आली. तिथल्या डॉक्टरांना ईसीजी हैदराबादच्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवायचा होता. मी तेव्हा मामांकडेच होतो. फॅक्स आला तो अर्धाच. रिंग ऐकून वर मामींनी रिसीव्हर उचलला होता. त्यात त्यांचा काय दोष? पॅरलल फोन उचलला की लाइनचा व्होल्टेज उतरतो, घरातला आवाज तारेत शिरतो आणि यंत्रांचं आपसांतलं बोलणं तुटतं.

मामांनी तिथल्या तिथे जोडणी बदलली. भिंतीवरच्या डबीतून येणारी तार आधी फॅक्सच्या ‘लाइन’ लिहिलेल्या खाचेत, आणि वर जाणारी तार त्याच्या ‘टेल’ खाचेतून. अशी जोडणी असली की फॅक्स चालू असताना बरीचशी यंत्रं मागचे फोन आपणहून तोडून ठेवतात. आपल्या यंत्रात ही सोय आहे का, ते माहितीपुस्तकात बघावं. बीदरला फोन करून ‘फाइन’चं बटण दाबायला सांगितलं. साध्या फॅक्समध्ये एका मिलिमीटरला जेमतेम चार ओळी असतात, फाइनमध्ये त्याच्या दुप्पट, आणि ईसीजीची रेघ बारीक. दुसऱ्यांदा पान पूर्ण आलं. मामा ते घेऊन स्कूटरवर गेले. डॉक्टरांनी रात्रीच हैदराबादला हलवायला सांगितलं. अज्जा त्यानंतर नऊ वर्षं जगले.

पुढे ऑफिस वाढलं, ईपीएबीएक्स बसलं. तिथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: डिजिटल एक्स्टेन्शनवर साधं फॅक्सयंत्र कधीच लावू नये, ते बिघडू शकतं. ॲनालॉग पोर्टच हवं. बाहेरच्या लाइनसाठी शून्य लावावं लागत असेल, तर नंबर साठवताना शून्यानंतर ‘पॉज’ द्यावा. कॉल वेटिंगही बंद करावं. त्या टुकटुक आवाजानं पान मधेच अडकतं. ब्रॉडबँड आलं तेव्हा फॅक्सच्या तारेवर छोटा फिल्टर बसवला, एवढंच.

खरी पंचाईत फायबरनं केली. तांब्याची तार गेली. आता घरातल्या डबीलाच फोनची खाच असते आणि आवाज तुकड्यातुकड्यांनी जातो. माणसाचं बोलणं त्यात खपून जातं, फॅक्सचं नाही. टी.38 नावाची सोय कंपनी देते का, हे आधी विचारावं. मामांनी यंत्राचा वेग 14,400 वरून 9,600 वर आणला, तेव्हा पानं येऊ लागली. आता महिन्याला चार-पाचच येतात. मामा म्हणतात, ‘‘इरली बिडू, असू दे!’’

तुमच्या कपाटात रोलवरचे जुने फॅक्स असतील, तर ते लवकर काढा. तो थर्मल कागद उजेडानं, उष्णतेनं पांढरा पडत जातो. अज्जांच्या ईसीजीची मामींनी दुसऱ्याच दिवशी झेरॉक्स काढली होती. फाइलीत आज वाचता येते ती तीच.