मुखवट्यामागे कोण?

मुलाच्या हातात कॉमिक्स दिसले की, "अभ्यास सोडून चित्रे काय बघत बसलास?" हा प्रश्न आपल्या घरात हमखास ऐकू येतो. तोच सुपरहिरो टीव्हीवर सिनेमात आला की मात्र सारे घर जेवणाची ताटे घेऊन पुढ्यात बसते. पुस्तकाला फालतू म्हणायचे आणि सिनेमाला टाळ्या वाजवायच्या, असा हा आपला व्यवहार! मी या दोन्हींचा तीस-पस्तीस वर्षांचा चाहता आहे. चाहता आहे म्हणूनच सांगावेसे वाटते की, हा विषय हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पराक्रम कशाला म्हणावे, याचे पहिले चित्र आपल्या मुलांच्या मनात बहुधा इथूनच उमटते.

मराठी वाचकाला या दुनियेची ओळख करून दिली ती इंद्रजाल कॉमिक्सने. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली आणि १९९० मध्ये ती बंद पडली. अमेरिकेतील ली फॉक या लेखकाने १९३६ साली निर्माण केलेला 'फँटम' तिच्यातून मराठीत 'वेताळ' होऊन आला. मालिका बंद पडल्यावरही जुने अंक नाशिकरोडला आमच्या वस्तीतील एका टपरीवर भाड्याने मिळत. एक अंक पाच जणांत फिरे. ज्याला वाचता येत नसे, त्याला दुसरा मोठ्याने वाचून दाखवी. शाळेच्या पुस्तकांखेरीज ज्या घरात छापील कागद येत नव्हता, त्या घरातील कितीतरी मुलांना वाचनाची गोडी या चित्रांनी लावली. तिथून ती ग्रंथालयाकडे वळली. हे उपकार विसरता येणार नाहीत.

या वेताळाची एक खुबी होती. त्याचा चेहरा वाचकाला कधीच दिसत नसे. जंगलात असताना मुखवटा, शहरात गेला की लांब कोट, टोपी आणि काळा चष्मा. मुखवट्यात डोळ्यांच्या जागी बुबुळेही काढलेली नसत. त्यामुळे त्या मुखवट्यामागे कोणाही मुलाला स्वतःचा चेहरा बसवता येई. गिरणी कामगाराचा मुलगा वेताळ होई आणि हमालाचाही होई.

१९९६ साली हॉलिवूडने फँटमवर सिनेमा काढला. बिली झेन हा नट त्यात नायक होता. जांभळा पोशाख, घोडा, लांडगा, कवटीची गुहा, सारे काही होते. पण शहरात येताच या नायकाने मुखवटा काढला आणि कॉमिक्सने साठ वर्षे झाकून ठेवलेला चेहरा दाखवून टाकला. सिनेमा फारसा चालला नाही. सिनेमाला चेहरा दाखवावाच लागतो, नटाचे पैसे त्या चेहऱ्यासाठीच मोजलेले असतात. कॉमिक्सच्या दोन चौकटींमधली जागा वाचक आपल्या मनाने भरतो, सिनेमा मात्र सारे भरून आपल्या पुढ्यात ठेवतो.

परंतु चेहरा उघडा पडला की प्रश्नही उघडा पडतो. तो चेहरा कोणाचा? वेताळ हा गोरा माणूस. पिढ्यान्पिढ्या कवटीच्या सिंहासनावर बापानंतर मुलगा बसतो आणि काळ्या कातडीचे जंगलवासी त्याला अमर समजून त्याचा शब्द झेलतात. न्याय तो करणार, संकट तो निवारणार. त्या लोकांनी काय करायचे? वाट पाहायची! जन्मावरून ठरलेली सत्ता आणि तिच्या भोवती उभे केलेले गूढ हे आपल्याला काही नवीन नाही. हेही खरे की, पुढे ली फॉक यांनी त्याच देशात लुआगा नावाचा कृष्णवर्णीय, शिकलेला डॉक्टर निवडणुकीतून राष्ट्राध्यक्ष झालेला दाखवला. तरीही अखेरची धाव वेताळाच्या गुहेकडेच राहिली.

या पार्श्वभूमीवर २०१८ सालचा 'ब्लॅक पँथर' सिनेमा पाहावा. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६६ च्या उन्हाळ्यात हे पात्र कॉमिक्समध्ये आणले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑकलंड येथे ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी स्थापन केली. पक्षाने नाव कॉमिक्सवरून घेतले नव्हते. काळ्या चित्त्याचे चिन्ह आधीच अलाबामातील कृष्णवर्णीयांच्या राजकीय लढ्यात वापरले जात होते. आणि त्या पार्टीपासून स्फूर्ती घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

रायन कूगलर या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाच्या या सिनेमात चॅडविक बोसमनने मुखवटा काढला, तेव्हा आतला चेहरा काळा होता. सिनेमात राजा आहे, पण त्याच्या भोवतीचे लोक वाट पाहत बसलेले नाहीत. त्याची बहीण शास्त्रज्ञ आहे, सेनापती स्त्री आहे. वेशभूषा आणि कलादिग्दर्शनाचे ऑस्कर रूथ कार्टर आणि हॅना बीचलर या दोन कृष्णवर्णीय स्त्रियांना मिळाले. त्या विभागांत तसे पूर्वी कधी घडले नव्हते. काळ्या नायकाचा सिनेमा कोण बघणार, असे विचारणाऱ्यांना जगभरातून शंभर कोटी डॉलरहून अधिक उत्पन्नाने उत्तर दिले. बोसमन २०२० साली अवघ्या ४३ व्या वर्षी कर्करोगाने गेला.

मुखवट्यामागे आणखी एक चेहरा असतो, चित्र काढणाऱ्या हातांचा. सुपरमॅन निर्माण करणारे जेरी सीगल आणि जो शुस्टर हे क्लीव्हलंडचे दोन ज्यू तरुण. १९३८ मध्ये त्यांनी पहिली गोष्ट सर्व हक्कांसह १३० डॉलरला विकली. त्या गोष्टीतला सुपरमॅन बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवी. कंपनीने त्याच्यावर अमाप पैसा मिळवला आणि सीगल यांना उतारवयात कारकून-टंकलेखक म्हणून नोकरी करावी लागली. माझ्यासारख्या कारकुनाला हे वाचून काय वाटले असेल, ते सांगायला नको. अखेर व्यंगचित्रकार एकत्र आले, वर्तमानपत्रांत आवाज उठला आणि १९७५ मध्ये दोघांना वर्षाला वीस हजार डॉलरचे निवृत्तिवेतन व नावाचे श्रेय मिळाले. १९७८ च्या सिनेमात ती नावे झळकली. सुपरमॅनच्या त्या पहिल्या अंकाची एक प्रत २०२४ साली साठ लाख डॉलरला विकली गेली! सुपरमॅनला आपल्या जन्मदात्यांना वाचवता आले नाही. त्यांना वाचवले ते संघटनेने.

इंद्रजालमध्येच १९७६ साली एक देशी नायक आला होता, 'बहादूर'. आबिद सुरती यांनी तो लिहिला, गोविंद ब्राह्मणिया यांनी चितारला. हा दरोडेखोराचा मुलगा. त्याच्याकडे अमरत्व नाही, उडण्याची विद्या नाही. तो गावातील लोकांना एकत्र करून नागरिक सुरक्षा दल उभे करतो आणि गाव स्वतःचे रक्षण करायला शिकते. त्याची सोबतीण बेला त्याच्या खांद्याला खांदा लावून लढते. बहादूरवर हॉलिवूडसारखा भव्य सिनेमा निघाला नाही. पण त्याच्या लेखकाने काय केले पाहा. सत्तरी ओलांडल्यावर, २००७ साली, आबिद सुरती यांनी मीरा रोडला दर रविवारी प्लंबर घेऊन घरोघर जायला सुरुवात केली. गळका नळ फुकट दुरुस्त करून द्यायचा, एवढेच काम. पाण्यासाठी हंडे घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या आमच्या आया-बहिणींना यातला पराक्रम समजावून सांगावा लागणार नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीच्या भाषणात विभूतिपूजेचा प्रश्न हाताळला होता. थोर माणसाविषयी मनापासून आदर बाळगणे वेगळे आणि विचार न करता त्याच्या मागे जाणे वेगळे, असा भेद त्यांनी केला. पहिल्यात वावगे काही नाही, दुसरे घातक आहे. माझ्या मते सुपरहिरो पाहताना हाच गज हाती धरावा.

म्हणून आई-वडिलांना माझी विनंती आहे. मुलांच्या हातातील कॉमिक्स हिसकावू नका. सिनेमाही खुशाल दाखवा, शेजारी बसून तुम्हीही मजा लुटा. मात्र तो संपल्यावर मुलाला एक प्रश्न जरूर विचारा : नायक लढत होता तेव्हा बाकीची माणसे काय करत होती? नुसती पळत होती, की काही करत होती? या प्रश्नाचे उत्तर शोधायला शिकलेले मूल उद्या मोर्चात, सभेत, निवडणुकीत कोणाचाही मुखवटा पाहून भुलणार नाही. आणि वस्तीतला नळ गळत असेल, तर तो दुरुस्त करायला आकाशातून कोणी येईल म्हणून वाट पाहणार नाही.