ज्वारीचे माल्ट: दाण्याची निवड आणि भाजणी

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य. युरोपात त्यासाठी जव घेतात; शिरूर अनंतपाळच्या काळ्या रानात हाताशी असते ती रब्बी ज्वारी. भाकरीची ज्वारी पारखताना दाण्याचा पांढरेपणा आणि चव बघतात. माल्टसाठी आधी एवढेच बघायचे, की दाणा जिवंत आहे ना.

खरिपाची संकरित ज्वारी कणसात असताना परतीच्या पावसात सापडली, की बुरशीने काळी पडते. ती मोडासाठी घेऊच नये. कोरड्या हवेत फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेली मालदांडी किंवा परभणी मोती चांगली. मळणीयंत्रात टिचलेला दाणा पाण्यात उगवण्याऐवजी सडतो. पेरणीसाठी पिशवीत मिळणारे रंगीत बियाणे औषध लावलेले असते, ते खाण्याच्या कामी बिलकूल चालत नाही. तपासणी सोयाबीनसारखीच: १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे. सोयाबीनचे ७० उगवले तरी पेरणी होते. इथे नव्वदीच्या पुढे हवेत, कारण न उगवलेल्या दाण्यावर बुरशी धरते आणि ती शेजारच्या दाण्यावर पसरते.

निवडलेली ज्वारी पाणी बदलत सोळा ते चोवीस तास भिजवून ओल्या फडक्यात तीन-चार दिवस ठेवतात. उन्हाळ्यात फडक्यावर वारंवार पाणी शिंपडावे लागते. या काळात दाण्यात पिष्ट फोडून साखर करणारी विकरे तयार होतात. कोंबात मात्र सायनाइड सुटणारे द्रव्य असते. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावते ते त्यानेच. म्हणून दाणे पूर्ण वाळल्यावर हाताने चोळून, पाखडून सगळे कोंब आणि मुळ्या काढाव्याच लागतात. यात हयगय चालत नाही.

खरी निवड यापुढे. मंद उन्हात वाळवलेले फिके माल्ट विकरे राखते. कढईत भाजलेले चव देते, पण त्यातली विकरे मरतात. बेल्जियमच्या बिअरवाल्यांपुढेही हाच पेच असतो. तिथल्या काळसर दुब्बेल बिअरसाठी 'स्पेशल बी' नावाचे माल्ट वापरतात: मोड आलेले ओले जवच तापवून दाण्याच्या आत साखर होऊ देतात, मग ते कडक भाजतात, आणि मनुक्यासारखी चव उतरते. तरी त्याचे प्रमाण थोडेच ठेवतात. बाकी भार फिक्या पिल्सनर माल्टवर असतो. भाजके वाढले, की पेय करपट लागते.

ज्वारीत एक अडचण जास्त. तिचे पिष्ट जवापेक्षा अधिक उष्णतेला फुगते, आणि तेवढ्या उष्णतेत तिची विकरे टिकत नाहीत. नुसत्या ज्वारी-माल्टची बिअर त्यामुळेच अवघड जाते. लापशीत माल्ट घालायचे असेल, तर मात्र ही अडचण आड येत नाही, कारण पीठ आधीच शिजलेले असते. भाजके माल्ट पिठाबरोबर शिजवायचे. फिके चमचाभर माल्ट भांडे उतरवून थोडे निवल्यावर ढवळायचे. घट्ट लापशी काही मिनिटांत पातळ आणि गोडसर होते. मग तिला पुन्हा एक उकळी देतात.