उमेदाचा ताप

ओसाकाच्या उमेदा भागातून आपल्यापैकी पुष्कळजण येतात-जातात. १९६०च्या दशकात तिथल्या दाटीच्या वस्तीत लोकांना एकाएकी ताप येऊन त्यांची मूत्रपिंडे बिघडू लागली. ११९ जण आजारी पडले, दोघे दगावले. कारण कळेना. १९७६ साली कोरियात हो-वांग ली यांना रानउंदराच्या फुप्फुसात हंता विषाणू सापडला आणि पुढे उलगडा झाला. उमेदात त्याचाच भाऊबंद गटारातल्या उंदरांनी आणला होता.

उंदीर स्वतः आजारी दिसत नाही. त्याच्या लघवी-लेंड्यांतला विषाणू धुळीबरोबर आपल्या श्वासात जातो. १९८४ पर्यंत प्रयोगशाळांतल्या उंदरांमुळेही १२६ जणांना लागण झाली, एक दगावला. त्यानंतर जपानात इथल्या लागणीची नोंद नाही; पण बंदरांतल्या उंदरांच्या रक्तात प्रतिपिंडे नंतरही आढळली. म्हणून क्वारंटाईन कार्यालये तिथे सापळे लावून उंदीर तपासतात. प्रोग्राम कोसळण्याआधी आम्ही लॉग वाचतो, तसेच हे.

आपण एवढेच करावे: अडगळीत लेंड्या दिसल्या तर झाडू मारू नये. हातमोजे घालून, ब्लीचचे पाणी शिंपडून, थोड्या वेळाने ओल्या कागदाने पुसून घ्यावे.