चांगली शाळा कशी ओळखावी?

अमेरिकेत मूल प्राथमिक शाळेतून बाहेर पडण्याच्या बेतात आले, की आईवडील विचारात पडतात. सहावी ते आठवीसाठी त्याला कोठे घालावे? वस्तीतल्या सरकारी शाळेत फी नसते. खाजगी शाळेत भरपूर फी आणि बहुधा प्रवेशपरीक्षा किंवा मुलाखत असते. तिसरी वाट ‘चार्टर’ शाळेची. चार्टर म्हणजे सनद. ही शाळा सरकारी पैशावर चालते, फी घेत नाही, पण तिचा कारभार सनद मिळालेले स्वतंत्र मंडळ पाहते. अशा शाळांचा पहिला कायदा मिनेसोटा राज्यात १९९१ साली झाला. यांतल्या काही शाळा फार कडक असतात : दिवस मोठा, शिस्त करडी, गणित आणि वाचन यांवर भर.

पालक मग निकाल पाहतात. ज्या शाळेचे गुण वरचे, ती चांगली असे ठरवितात. हे बरोबर आहे का?

समजा, दोन शेगड्यांची तुलना करावयाची आहे. दोन्हींवर सारखेच पाणी ठेवले. पण पहिलीवरचे ३० अंश सेल्सिअसचे, दुसरीवरचे ६० अंशांचे. दहा मिनिटांनी पहिले ७० अंशांवर गेले, दुसरे ८० वर. दुसरी शेगडी सरस म्हणाल का? पहिलीने तापमान ४० अंशांनी वाढविले, दुसरीने अवघ्या २० अंशांनी! निवडक मुले घेणाऱ्या शाळेत पाणी आधीच तापलेले असते.

“मग नुसती वाढ मोजू,” असे तुम्ही म्हणाल. पण एका भांड्यावर झाकण असेल आणि दुसरे उघडे असेल तर? उघड्या भांड्यातली उष्णता निसटत राहील. घरी पुस्तके, निवांत कोपरा आणि अभ्यास घेणारे माणूस असलेले मूल झाकलेल्या भांड्यासारखे असते. धडपड करून कडक शाळेत अर्ज भरणारे पालक घरीही लक्ष घालत असण्याचा संभव अधिक. मग वाढीचे श्रेय शाळेचे की घराचे?

येथे चिठ्ठी मदतीला येते. मॅसॅच्युसेट्स राज्यात चार्टर शाळेकडे जागांपेक्षा जास्त अर्ज आले, तर कायद्याने सोडत काढावी लागते. चिठ्ठीला घर कळत नाही की हुशारी कळत नाही. त्यामुळे नंबर लागलेली आणि न लागलेली मुले सरासरीने सारखी ठरतात. पुढे त्यांच्या गुणांत पडलेला फरक शाळेमुळे पडला, असे म्हणता येते. मात्र नंबर लागूनही न गेलेली किंवा मध्येच शाळा सोडलेली मुले हिशेबातून वगळावयाची नाहीत. वगळली, तर निवड मागच्या दाराने परत शिरते.

जोशुआ अँग्रिस्ट, पराग पाठक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टन शहरात अशी तुलना केली (२०११). चार्टर शाळांत गेलेल्या सहावी ते आठवीच्या मुलांची प्रगती, विशेषतः गणितात, बरीच जास्त आढळली. पण त्याच राज्यात शहरांबाहेरच्या चार्टर शाळांत असा लाभ दिसला नाही (२०१३). बॉस्टन व न्यूयॉर्क येथील प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या नामांकित सरकारी शाळांत जेमतेम प्रवेश मिळालेली आणि थोडक्यात हुकलेली मुलेही तपासली. त्यांच्या पुढच्या गुणांत जवळजवळ फरक नव्हता (२०१४). आपोआप घडलेल्या प्रयोगांतून कार्यकारणभाव शोधण्याच्या पद्धतीबद्दल अँग्रिस्ट हे २०२१ च्या अर्थशास्त्रातील नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. जेथे सोडत होते, त्याच शाळांविषयी ती सांगते. खाजगी शाळा बहुधा सोडत काढीत नाहीत, म्हणून त्यांचा स्वतःचा वाटा मोजणे कठीण जाते. शिवाय ही सरासरी असते. एखादे मूल कोठे रमेल, हे ती सांगत नाही.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांच्या प्रवेशवर्गातील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवल्या. अर्ज जास्त आले की महाराष्ट्रात सोडत निघते. म्हणजे अशी तुलना येथेही करता येईल.

तोवर एखाद्या शाळेने निकालाचा फलक दाखविला, तर तीन प्रश्न विचारा. आत कोण आले? मध्येच कोण गेले? आणि हीच मुले दुसऱ्या शाळेत असती, तर त्यांना किती गुण मिळाले असते?